मथुराच्या मक्यातली अंडी

"ज्याला हे खरं वाटणार असेल त्यानं आत्ताच उठून जावं," मी म्हणालो. "अकरा ठिकाणी सांगून झालंय. अकरा ठिकाणी एकानंही विश्वास ठेवलेला नाही. आज तुमच्यातल्या एखाद्या भोळ्यामुळे माझं नाव खराब व्हायला नको."

शेतीशाळा भरली होती. म्हणजे मक्याच्या बांधावर सतरंजी टाकायची, चार गावची तीस-पस्तीस माणसं उन्हात बसवायची, कृषी सहायक देवकर मॅडमनी किडींचे तक्ते दाखवायचे आणि शेवटी कुणातरी जुन्या शेतकऱ्यानं अनुभव सांगायचा. या वर्षी जुना शेतकरी म्हणून मला धरून आणलं. शेत होतं मथुराचं. मथुरा म्हणजे माझ्या मेलेल्या पुतण्याची बायको. ती सगळ्यांच्या मागं चहाची किटली घेऊन बसली होती. अकरा ठिकाणी मी ही गोष्ट सांगितली, पण तिच्यादेखत कधी नाही. मला वाटलं, तिला बरंच वाटेल. गोष्टीत ती शूर आहे. मी तिच्याहून थोडा जास्त आहे, एवढंच.

"सांगा नाना, पण पाच मिनिटांत," मॅडम म्हणाल्या.

पाच मिनिटं तर मला खाकरायलाच लागतात. मी सुरू केलं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या सिल्लोडच्या पट्ट्यात अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा आली. तुम्ही पाहिलेली अळी बोटभर असेल. आमच्याकडं आली ती हातभर होती. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, बसून खायची, आणि खाली भुसा असा पडायचा की गावच्या सुताराला वाटलं, आपला धंदा कुणीतरी पळवला. कराकरा आवाज डांबरी रस्त्यापर्यंत यायचा. माझ्या बैलानं तो एकदा ऐकला आणि दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. आपल्यापेक्षा मोठं जनावर शेजारी जेवतंय म्हटल्यावर त्याला लाज वाटली.

पण गोष्ट अळीची नाही. सव्वा एकराची आहे.

सुदाम, माझा पुतण्या, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याचं हे सव्वा एकर मी आणि माझा चुलतभाऊ सांडू, दोघं मिळून कसायचो. अर्धा माल आमचा, अर्धा मथुराचा. अर्धा म्हणजे किती, ते आम्ही ठरवायचो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्या वर्षी आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, भाऊकी जमली असताना मथुरा दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली की औंदा माझं शेत मी करीन.

सांडू हसला. मी हसलो नाही. सांडूचं असं होतं की जे काय द्यायचं ते तोंडावर द्यायचा, शिवी असो की थप्पड. दिसायला रेड्यासारखा, बोलायला त्याहून. गावात त्याच्याशी कुणाचं जमत नव्हतं. माझं सगळ्यांशी जमायचं. मी शिवी मनात देतो.

बरीच तोंडातोंडी झाली. बाईमाणसाला नांगर धरता येतो का, सुदामचं नाव बुडवायला निघालीस का, माहेरच्यांनी शिकवलं का, सगळं बोलून झालं. ती हलली नाही. शेवटी ठरलं ते असं: एक हंगाम तिचा. मका घरात आला तर जमीन तिच्या हाती, आम्ही परत बांधावर पाय ठेवणार नाही. अळीनं खाल्ला तर जमीन आमच्याकडं, कायमची, आणि ती त्याच शेतात आमच्याकडं मजुरीनं येईल. हे मजुरीचं शेवटचं सांडू बोलला. असं मला आठवतं.

मथुरा म्हणाली, "चालंल."

एवढंच. मला तो शब्द फार झोंबला. रडली असती तर बरं वाटलं असतं.

जुलैत मका गुडघ्याला लागला आणि सगळ्या शिवारात पंप घुमू लागले. लोक आठवड्यातून दोनदा औषध मारायचे. अळी पोंग्यात बसलेली, वरून औषध पडायचं, ती आंघोळ केल्यासारखी अंग झटकून पुन्हा खायला बसायची. एकीला तर मी खोकताना ऐकलं. आणि मथुरा पंपच घेईना. आमच्यासारखी माणसं पाठीवर सोळा लिटर घेऊन घाम गाळत होती, आणि ही बाई हातात कागद टाचायचं मशीन घेऊन ऊन कलल्यावर ओळीओळीनं फिरायची. पान उलटं करायचं, खट. चार पावलं चालायचं, खट. तहसीलमधला कारकून शेतात सोडल्यासारखी.

मी आणि सांडू बांधावर गेलो. सांडूनं एक पान उलटं केलं. खाली बोटाएवढी कागदाची पट्टी, आणि तिच्यावर बारीक काळे दाणे चिकटवलेले. खसखस सांडावी तसे, हजारांनी.

"हे काय टाचू राहिली?" सांडूनं विचारलं.

"अंडी हायेत, आप्पा."

"कशाची?"

"तांदळातल्या पतंगाची. पण आतमधी पतंग नाही आता. गांधीलमाशीची पिल्लं हायेत, लई बारीक. ती निघतील, अळीची अंडी हुडकतील आन त्यात आपली अंडी घालतील. अळी जन्मायच्या आधीच मरंल."

सांडूनं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "म्हणजे सगळं गाव अंडी मारू राहिलं आन तू पेरू राहिली."

ती समजावायला लागली. याला ट्रायकोकार्ड म्हणतात, देवकर मॅडमनी आणून दिलं, तालुक्याला दोन दिवसांचं शिक्षण घेतलं. सांडू ऐकायला थांबला नाही. मीही नाही. आणि दिवे लागायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं की मथुरा रानात अळीची अंडी लावतेय, म्हणजे शेजाऱ्यांची पिकं जाऊन तिचं एकटीचं राहावं. ही बातमी गावात कुणी नेली, मला माहीत नाही. पाय सगळ्यांनाच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बांधावर आठ माणसं उभी. शेजारची सगळी शेतं त्यांची. बोलणं काय झालं ते मी मॅडमसमोर सांगत नाही. एकानं तिची चार ताटं उपटून तिच्या पायाशी टाकली. एक म्हणाला, शेत पेटवून देऊ, हिरवं असलं तरी पेटतं. पांढरी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्यानं तिच्यासाठी असा शब्द वापरला की सांडूसुद्धा गप्प झाला. मी मागं उभा होतो. मला वाटलं, आता संपलं. हंगामाची वाट बघायचीही गरज नाही.

मथुरानं ती चार ताटं उचलली. त्यातल्या एका पानाखालची पट्टी काढली आणि हात पुढं केला.

"हा तुकडा घ्या. काचेच्या बरणीत घाला, वर फडकं बांधा. तीन दिवस थांबा. अळी निघाली तर तुम्हीच माझं शेत नांगरा, बैल मी धरीन. आन माशी निघाली तर दहा दिवस माझ्या शेतात आन बांधाला कुणीबी औषध मारायचं नाही. औषधानं अळी मरते की नाही देवाला ठाऊक, ही माशी मात्र पहिल्या वासाला मरते. दहा दिवस द्या मला. तेवढ्यात त्यांचं काम व्हतं."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. बरणी ठेवायची कुणाकडं, यावर पुन्हा भांडण. आठ माणसं, आठांचा एकमेकांवर विश्वास नाही. शेवटी ती माझ्याकडं आली, कारण मी वयानं मोठा आणि माझ्याकडं रिकामी लोणच्याची बरणी होती.

आता इथून पुढं कुणाला पटत नाही. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बरणीला कान लावला तर आत बँडवाले. सनई वेगळी, ताशा वेगळा. डोळा लावला तर काळे दाणे हलताहेत. माशी केवढी म्हणाल, तर मोहरीच्या दाण्यावर दहाजणी फुगडी खेळतील आणि अकरावीला बघायला जागा उरेल. एक बाहेर निघून माझ्या चष्म्यावर बसली. मला वाटलं काच तडकली, मी नवा चष्मा केला.

आठही माणसं आली. भिंग आणलं होतं. आळीपाळीनं बघितलं. कुणी काही बोलेना, कारण बोलायचं तर बाईचं खरं म्हणावं लागलं असतं. पांढऱ्या टोपीवाला म्हणाला, "चिलटं हायेत. अळी नाही." मग सगळ्यांनी तिच्या बांधावरची चिमूटभर माती हातात घेतली आणि शब्द दिला, दहा दिवस औषध नाही. सांडूनं घेतली. मीही घेतली.

सहा दिवस सगळ्यांनी शब्द पाळला. मथुराच्या मक्यात अळीच्या अंड्यांचे पुंजके काळे पडायला लागले होते, म्हणजे आत अळीऐवजी माशी वाढत होती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पान उलटून दाखवायची. मला नाही दाखवलं. मी लांबून बघितलं.

सातव्या दिवशी मारुतीच्या देवळात भंडारा होता. सकाळपासून गावच्या सगळ्या बायका बट्ट्या थापायला आणि वरण शिजवायला देवळात. शिवार रिकामं. सांडूनं तो दिवस साधला. आठ पंप मारले त्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक ओळ सोडली नाही. लाल झाकणाचं औषध, उग्र. बेडूकसुद्धा उड्या मारत शिवेच्या पलीकडं गेले. मी माझ्या शेतातून पाहिलं. ओरडावं म्हटलं तर घसा बसला होता.

पंगत उठली, भांडी झाली आणि दुपारी मथुरा शेतात आली. तिला काही सांगावं लागलं नाही. वास वेशीपर्यंत येत होता. तिनं एक पान उलटं केलं, दुसरं केलं. मग नुसती ओळीतून चालत गेली आणि परत आली, आणि तशीच माझ्या दारात.

"नाना, तुमचं शेत लागून हाये. कुणाला पाहिलं का?"

तिच्या हाताला औषधाचा वास होता. तो आजही माझ्या नाकात आहे.

मी म्हणालो, "सांडूला."

ती सांडूच्या घरी गेली. आत नाही, वाटेवरच उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं. सांडू जेवून आडवा झाला होता, उठून आला. "मी नाही," म्हणाला. "बापाची आन." पण सांगायचा सूर असा की शिव्याच देतोय. ज्यानं आयुष्यभर लोकांचे बांध कोरले, त्याची आन कोण धरतं? आळीतली माणसं हसली. मथुरानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि निघून आली.

आता मी काय केलं ते ऐका. पुतण्याच्या बायकोचे डोळे मला बघवले नाहीत. तालुक्याला गेलो, कार्डं घेतली. कार्ड थंड ठेवावं लागतं, नाहीतर माश्या वाटेतच निघतात. मी डब्यात बर्फ घेतला, डबा मांडीवर, एसटीत खिडकीशी बसलो. ड्रायव्हरनं एवढ्या खड्ड्यांतून गाडी नेली की बर्फ वितळला, डब्याचं झाकण उडालं आणि वीस हजार माश्या एसटीत. कंडक्टर म्हणाला, यांची तिकिटं कोण काढणार? मी म्हणालो, पाच वर्षांच्या आतल्या आहेत. आमचा फाटा आला तसं मी दार उघडलं आणि बोट दाखवलं. त्या रांगेनं उतरल्या, डावीकडं वळल्या आणि सरळ मथुराच्या शेतात. मी मागून चालत पोहोचलो तोवर अर्ध्या शेताचं काम उरकलं होतं.

सतरंजीवरची माणसं हसून लोळली. देवकर मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. त्या साली फवारणीनंतर नवी कार्डं घेऊन मोटारसायकलवर त्याच आल्या होत्या.

मका आला. दाण्यानं भरलेली कणसं, एकेक माझ्या मनगटाएवढं. भाऊकीला तोंड नव्हतं. जमीन मथुराच्या हाती राहिली आणि तुम्ही आज बसलाय ती तीच. सांडू दोन वर्षांमागं गेला. शेवटपर्यंत म्हणत होता, मी नाही. खोटं बोलायलाही अक्कल लागते.

मी पाण्याचा तांब्या उचलला. गोष्ट इथं संपते. पण पुढच्या रांगेत पलीकडच्या गावचा एक तरणा शेतकरी बसला होता, जीन्स घातलेला, वहीत लिहून घेणारा. तो म्हणाला, "नाना, एक विचारू का? मका कमरेएवढा, तुम्ही लांब. फवारणाऱ्यानं तोंड बांधलेलं असणार. सांडूच होता कशावरून?"

अकरा ठिकाणी कुणी हे विचारलं नव्हतं. माझ्या गोष्टीत असं बोट घातलेलं मला खपत नाही. मी तांब्या खाली ठेवला.

"कशावरून म्हणजे? तोंड बांधलंच नव्हतं. तिसऱ्या पंपाला नोझल तुंबलं. विहिरीचं पाणी, शेवाळ आलं असंल. काडीनं निघेना. मग नोझल काढलं, तोंडात धरलं आणि फुंकलं. तसं करू नये असं मॅडम सांगतात, पण आपण सगळे करतोच की नाही? थोडं औषध गेलं जिभेवर. थुंकलं, चूळ भरली, काही उपयोग नाही. जीभ अशी बधिर झाली की तोंडात लाकडाची फळी ठेवलीय. गूळ घातला तोंडात, माती लागली. दिवसभर चव नाही. एवढं सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस ओळखू येणार नाही?"

लोक पुन्हा हसले. तरण्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

मागं मथुरानं किटली खाली ठेवली. ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांनी वळून पाहिलं.

"चव कुणाची गेली व्हती, नाना?"

"सांडूची. दुसऱ्या कुणाची?"

"गूळ मातीसारखा लागला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांडूनंच सांगितलं असंल. मरताना माणूस बरंच काय काय सांगतो."

"त्या दिवशी पंगतीत वरण मी वाढत व्हते," मथुरा म्हणाली. ती माझ्याकडं बघत होती, पण मला वाटलं, तिला ती पंगत दिसतेय. पान पान, ओळीनं. "सांडूआप्पा तुमच्या शेजारी बसले व्हते. त्यांनी पहिला घास घेतला आन म्हणाले, पोरी, वरण खारट झालं. सगळी पंगत तेच म्हणाली. दोनदा मीठ पडलं व्हतं, मला माहीत हाये. मी लाजून मेले व्हते. तुम्ही एकटे मीठ मागत व्हते. तीनदा मागितलं. मी तीनदा आणून वाढलं."

"म्हातारपणी मीठ जरा जास्तच..."

"माश्या यष्टीतून रांगेनं उतरल्या, ते चालंल, नाना. त्यानं कुणाचं काही गेलं नाही." तिनं पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. "पण आप्पा बापाची आन घेऊन सांगत व्हते आन मी चार वर्षं त्यांच्या दारावरून तोंड फिरवून गेले. आजारी पडले, मी गेले नाही. त्यांना घेऊन निघाले तवा सगळं गाव गेलं, मी ह्या शेतात खुरपत बसले व्हते. पंप तुमच्या पाठीवर व्हता."